पोटरी फाटली, आता पुढे? खो-खोच्या मैदानावर परत येईपर्यंतची वाट

चौकोनात बसलेल्या गड्याच्या पाठीवर थाप पडते, 'खो' कानावर येतो, तो मागचा पाय रेटून उठतो आणि त्याच क्षणी पोटरीत कुणीतरी दगड मारल्यासारखं होतं. गडी आधी रागाने मागे वळून बघतो. मागे कुणीच नसतं. हे मी मैदानावर किती वेळा पाहिलंय याची मोजदाद नाही, आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी स्वतः अनुभवलंय. म्हणून नव्या खेळाडूंसाठी, त्यांच्या आईवडिलांसाठी आणि शाळेच्या मैदानावर शिकवणाऱ्या सरांसाठी हे सविस्तर लिहितो आहे. मी डॉक्टर नाही, प्रशिक्षक आहे. डॉक्टरांकडे कधी जायचं तेही पुढे सांगितलंय, तो भाग घाईत गाळू नका.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. पोटरीचं दुखणं लवकर थांबतं, पोटरी मात्र उशिरा तयार होते. या दोन्हींच्या मधल्या दिवसांत खेळाडू मैदानात उतरतो आणि तीच पोटरी पुन्हा जाते.

नेमकं काय तुटतं

पोटरीत मुख्य स्नायू दोन. वरचा, फुगीर दिसणारा तो गॅस्ट्रॉक्निमियस. तो गुडघ्याच्या वरून निघतो, म्हणजे गुडघा आणि घोटा असे दोन सांधे ओलांडतो. त्याच्या खाली दडलेला, चपटा आणि चिवट तो सोलियस. हा गुडघ्याच्या खालूनच सुरू होतो. दोघं मिळून टाचेच्या मागच्या जाड दोरीला, म्हणजे अकिलिस टेंडनला जोडले जातात.

आता चौकोनातली बैठक डोळ्यासमोर आणा. गुडघे वाकलेले, घोटाही वाकलेला. 'खो' मिळताच गुडघा झटक्यात सरळ होतो, पण पाऊल अजून जमिनीवर टेकलेलंच असतं. वरचा स्नायू दोन्ही टोकांनी ताणला जातो आणि त्याच ताणात त्याला जोरही लावायचा असतो. पोटरीच्या आतल्या बाजूला, फुगवट्याच्या खालच्या कडेशी तो फाटतो. टेनिस खेळणाऱ्यांमध्ये १८८३ साली या दुखापतीचं वर्णन झालं, तेव्हापासून डॉक्टर तिला 'टेनिस लेग' म्हणतात. खेळ वेगळा असला तरी झटका तोच.

पळणाऱ्या गड्याचं, म्हणजे संरक्षकाचं, वेगळं असतं. तो गुडघे किंचित वाकवून, चवड्यांवर, सतत हुलकावण्या देत पळतो. तिथे भार सोलियसवर येतो. धावताना या एका स्नायूवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. सोलियस सहसा 'टक्क' करून तुटत नाही. आधी जड वाटतो, मग आवळतो, आणि खेळाडू म्हणत राहतो, "पोटरी जरा भरून आलीय, सर." दोन-तीन सराव हेच ऐकू आलं तर तिथेच थांबवा.

घरी ओळखायची एक साधी रीत आहे. भिंतीला हात लावून हलकेच टाच उचलायची, आधी गुडघा सरळ ठेवून आणि मग वाकवून. सरळ गुडघ्याने जास्त दुखलं तर बहुधा वरचा स्नायू, वाकवल्यावर जास्त दुखलं तर सोलियस. हे पहिल्या दिवशी करून बघायचं नाही. दोन-तीन दिवसांनी, ठणका उतरल्यावर बघा.

पहिला तास

खेळ थांबवा. "चालून बघ, सुटेल" हे वाक्य मैदानावर बंद व्हायला हवं, कारण त्यातूनच अर्धवट फाटलेला स्नायू पूर्ण फाटतो. पोटरीत गोळा येणं वेगळं. त्यात स्नायू हाताला दगडासारखा लागतो, पाऊल वर ओढलं की सुटतो आणि थोड्या वेळात पाय मोकळा होतो. फाटलेला स्नायू ताणला की दुखणं वाढतं. म्हणून पहिली ओढ सावकाश घ्या, आणि कळ उठली की पाय सोडून द्या. पुन्हा ताणायचा नाही.

मग एक तपासणी, जी प्रत्येक प्रशिक्षकाला यायला हवी. खेळाडूला बाकावर पालथं झोपवा, पावलं काठाच्या बाहेर. चांगल्या पायाची पोटरी हलक्या हाताने दाबा. पाऊल आपोआप थोडं खाली झुकतं. आता दुखऱ्या पायाची दाबा, वेदना नसेल अशा जागी. पाऊल तसंच झुकलं तर टाचेची दोरी शाबूत आहे. ते हललंच नाही, किंवा टाचेच्या मागे बोटाला खड्डा लागला, तर अकिलिस टेंडन तुटल्याची शक्यता मोठी. अशा वेळी त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. उद्यावर ढकलायचं नाही.

पहिले तीन-चार दिवस

क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करून गुडघ्याच्या खालपर्यंत बांधा. खाली जरा घट्ट, वर सैल. बोटं गार पडली, निळी झाली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडून पुन्हा बांधा. रात्री काढून ठेवलं तरी चालेल. झोपताना नुसत्या टाचेखाली उशी ठेवू नका, अख्खी पोटरी टेकेल अशा दोन उशा ठेवा. पाय छातीपेक्षा वर राहिला पाहिजे.

बर्फ लावावा का, हा प्रश्न हमखास येतो. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय वर, हे सूत्र १९७८ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर गेब मिर्किन यांनी मांडलं आणि जगभर रुळलं. पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी भरून येणं लांबू शकतं. म्हणून माझा नियम असा: ठणका असेल तेव्हाच, कापडात गुंडाळून, दहा-बारा मिनिटं, तेही पहिल्या एक-दोन दिवसांत. बर्फाने दुखणं बधिर होतं. तो जखम भरत नाही.

आता मालीश. आपल्याकडे पायाला काही झालं की घरातलं कुणीतरी तेलाची वाटी गरम करायला जातंच, आणि गावात शीर बसवून देणारा एक माणूस असतोच. त्यामागची माया मला कळते. पण पहिल्या तीन दिवसांत आत रक्त साचत असतं. त्यावर जोराने चोळलं की रक्तस्राव वाढतो, आणि क्वचित साचलेल्या रक्ताचा गोळा कडक होऊन महिनोन्‌महिने त्रास देतो. माझ्या बाबतीत दुसऱ्या दिवशी अशीच रगडून मालीश झाली आणि तिसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत काळंनिळं उतरलं. गरम पाण्याचा शेक आणि झंडूसारखे तीव्र बाम चोळणं, हेही या दिवसांत नको. दारू तर अजिबात नको. वेदनेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. सूज उतरवणाऱ्या गोळ्या खाऊन दुखणं झाकायचं आणि चालत सुटायचं, यात तर दुहेरी नुकसान आहे.

चालायचं का? लंगडावं लागत नसेल तेवढंच. लंगडत असाल तर काठी किंवा कुबडी घ्या, त्यात लाज नाही. घरातही जरा उंच टाचेची चप्पल किंवा बूट वापरा, आणि टाचेखाली साधारण एक सेंटिमीटरची जाडी घाला. दोन्ही पायांना घाला, नाहीतर कंबर धरते. टाच उचललेली असली की पोटरीला ताण कमी बसतो. सपाट कोल्हापुरी आणि अनवाणी चालणं काही दिवस बाजूला ठेवा.

आणि एक गोष्ट जी परदेशी पुस्तकांत लिहिलेली नसते: उकिडवं बसणं. टाचा टेकवून उकिडवं बसलं की घोटा पूर्ण वाकतो आणि सोलियस कमालीचा ताणला जातो. देशी पद्धतीचा संडास असेल तर पहिले आठ-दहा दिवस कमोडची सोय करा किंवा मध्ये भोक असलेली खुर्ची आणा. मांडी घालून बसायला हरकत नाही.

डॉक्टरांकडे कधी

पाऊल टाकताच येत नसेल, पोटरीत खड्डा दिसत असेल, वरची तपासणी बिघडली असेल किंवा पाच-सहा दिवसांत काहीच फरक नसेल तर जायलाच हवं. पोटरी टणक होऊन वेदना तासातासाने वाढत असेल आणि पाऊल बधिर होत असेल तर रात्रीच्या रात्री जा. शाळकरी मुलाच्या टाचेच्या हाडातच दुखत असेल तर ती पोटरी नव्हे. वाढत्या वयाचं ते वेगळं दुखणं असतं, ते दाखवून घ्या.

याहून धोक्याची एक गोष्ट आहे. पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी पोटरी दुखते, सुजते, गरम लागते. दुखापतीचा झटका आठवत नसताना असं झालं, किंवा पाय आठवडाभर पडून राहिल्यावर सूज उतरण्याऐवजी वाढली, तर सोनोग्राफी करून घ्यायलाच हवी. स्पर्धेहून परतताना दुखरा पाय खाली सोडून दहा-बारा तास एसटीत बसणं, ही अशा गुठळीला आयती संधी. वाटेत पावलं हलवत राहा, थांब्यावर उतरा. छातीत दुखणं किंवा एकाएकी धाप लागणं हे त्यासोबत आलं तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठायचं.

दुखापत किती खोल त्यावर वेळ ठरते. थोडे तंतू तुटले तर एक ते तीन आठवडे. बरेच तुटले तर चार ते आठ. पूर्ण फाटला तर तीन-चार महिने, कधी जास्तही. हे आकडे फक्त अंदाजासाठी आहेत. मैदानात कधी उतरायचं ते पाय सांगतो, कॅलेंडर नाही. मी बाराव्या दिवशी उतरलो, कारण चालताना काही दुखत नव्हतं. तिसऱ्या 'खो'ला तीच जागा पुन्हा फाटली, आणि दोन आठवड्यांचं काम तीन महिन्यांवर गेलं.

हलवायला सुरुवात

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पाय निजवून ठेवायचा नाही. पलंगावर बसून पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरं काढा. क, का, कि, की करत अख्खी बाराखडी. मुलांना हे आवडतं, आणि घोटा सगळ्या दिशांनी फिरतो. दिवसातून चार-पाच वेळा.

मग चवड्याखाली टॉवेल घालून त्याची टोकं हातात धरा आणि पाऊल न हलवता चवडा टॉवेलवर दाबा. तीस सेकंद दाब, मग सोडा, असं पाच वेळा. दुखणं दहापैकी दोन-तीनच्या वर जाऊ देऊ नका. ताण देणारे व्यायाम, म्हणजे भिंतीला टेकून टाच मागे रोवणं वगैरे, पहिल्या आठवड्यात टाळा. जुळू पाहणारे तंतू त्याने पुन्हा सुटतात. पोटरी घट्ट वाटते म्हणून ताणावीशी वाटते, पण तिला त्या वेळी ताण नको असतो, ताकद हवी असते.

दम टिकवायला सायकल चालवा. पेडल चवड्याऐवजी पावलाच्या मध्यावर ठेवा. पोहणंही उत्तम, फक्त भिंतीला पाय मारून सुटायचं नाही.

पायरीवरचा व्यायाम

या सगळ्या प्रवासात एकच व्यायाम निवडा असं कुणी म्हटलं तर मी टाच उचलणं निवडेन. जिम लागत नाही, घराची पायरी पुरते.

सुरुवात खुर्चीवर बसून. पावलं जमिनीवर, दोन्ही टाचा उचलायच्या, खाली आणायच्या. पंधरा-पंधराचे तीन फेरे. यात गुडघा वाकलेला असल्याने सोलियस काम करतो. सोपं झालं की मांडीवर, गुडघ्याच्या अगदी जवळ, पाच किलो तांदळाची पिशवी ठेवा, मग दहा किलोची.

पुढे उभं राहून, भिंतीला हात टेकून, दोन्ही पायांनी. मग दोन पायांनी वर जायचं आणि खाली येताना फक्त दुखऱ्या पायावर. त्यानंतर पूर्ण एका पायाने. शेवटी पायरीच्या काठावर चवडा ठेवून, टाच पायरीच्या खाली उतरेल अशी.

बहुतेक जण हा व्यायाम चुकीचा करतात, म्हणून जवळून सांगतो. वर जाताना वजन अंगठ्यावर आणि त्याच्या शेजारच्या बोटावर हवं. दमायला लागलं की घोटा बाहेर कलंडतो आणि करंगळीवर भार जातो. तो फेरा मोजायचा नाही. वर पूर्ण गेल्यावर एक सेकंद थांबा, मग मनात 'एक, दोन, तीन' म्हणत सावकाश खाली. बहुतेकांची टाच धपकन पडते, आणि खरं काम तर उतरतानाच होतं. दुखरी टाच चांगल्या टाचेइतकी उंच जाते का, हे समोरून कुणालातरी बघायला सांगा किंवा मोबाईलवर चित्रीकरण करा. दोन सेंटिमीटर जरी कमी गेली तरी तो पाय अजून पुरता तयार नाही.

हे एक दिवसाआड करा. भार जास्त झाला की बेताचा, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. पलंगावरून उतरल्यावर टाकलेलं पहिलं पाऊल कालच्यापेक्षा जास्त दुखत असेल तर कालचा भार जास्त झाला. एक पायरी मागे या. तसंच असेल किंवा कमी असेल तर पुढे चला. माझ्याकडचे खेळाडू रोज सकाळी दहापैकी किती दुखलं तो आकडा वहीत लिहितात. एक ओळ, बस.

धावण्याआधी चार अटी

अर्धा तास भरभर चालता यायला हवं, दुखल्याशिवाय. एका पायावर टाच उचलणं वीस वेळा, आणि चांगल्या पायाच्या आकड्याच्या जवळपास. भिंतीकडे तोंड करून पाऊल ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. अंगठा भिंतीपासून किती सेंटिमीटर लांब जातो ते दोन्ही पायांचं मोजा. फरक दीड-दोनपेक्षा जास्त नको. आणि एका पायावर लंगडी, दहा उड्या, न बिचकता. लंगडी तर आपली लहानपणापासूनची. तिच्यात जराही दचक असली की लगेच दिसते.

यातली एक जरी अट अपुरी असेल तर अजून एक आठवडा पायरीवर.

धावायला सपाट मैदान निवडा. एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असं सहा ते आठ वेळा. एक दिवस सुट्टी. पुढच्या खेपेला धाव थोडी वाढवा. चढाचा रस्ता नको. हळू धावलं म्हणजे पोटरीला आराम, ही समजूतही काढून टाका. संथ धावण्यातही सोलियसवर मोठा भार असतो, म्हणून लांब आणि संथ धावेपेक्षा थोडी आणि खंड पाडलेली बरी. सलग वीस मिनिटं जमल्यावरच वेग वाढवा. आधी पूर्ण वेगाच्या निम्मा, मग पाऊण, मग पूर्ण. दर टप्प्याला किमान दोन सराव द्या.

आपल्याकडे अनेक मुलं अनवाणी खेळतात, आता मॅटवर पातळ तळव्याचे बूट आलेत. अनवाणी पायाने चवड्यावर पडलं की पोटरीचं काम वाढतं. म्हणून परतताना आधी टाचेला आधार असलेले बूट घाला. अनवाणी सराव सगळ्यात शेवटी, तोही दहा मिनिटांपासून.

पुन्हा चौकोनात

सरळ पळता येणं म्हणजे खो-खो खेळता येणं नव्हे. चौकोनातून उठणं हीच जिथे दुखापत झाली ती जागा, तेव्हा तिची तालीम वेगळी करायला हवी. पहिले दोन दिवस अर्धं वाकून उभं राहायचं आणि तिथून चार पावलं सुटायचं. मग पूर्ण बैठक, पण उठणं सावकाश. मग पूर्ण बैठक आणि वेगात उठणं, पण 'आता' असं स्वतःच म्हणून. हे जमल्यावर साथीदाराने पाठीमागून 'खो' द्यायचा, कधी देणार ते न सांगता. स्वतः ठरवून उठताना शरीर आधीच तयार असतं. अचानक 'खो' मिळाला की नसतं, आणि बरीच माणसं इथेच पुन्हा दुखावतात.

खांबाजवळचं वळण आणि सूर त्यानंतर. सूर मारताना शेवटचा रेटा एका पायाचा असतो, तो दुखरा पाय असेल तर आणखी आठवडा थांबा. संरक्षकाने आधी एकट्याने साखळी, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून नागमोडी, पळावी, मग एक आक्रमक मागे घेऊन, मग पूर्ण संघासमोर.

सराव पूर्ण वेगाने तीनदा झाला, आणि तिन्ही वेळा दुसऱ्या सकाळचा आकडा शून्य किंवा एक आला, तर सामन्याचं बोला. पहिल्या सामन्यात एकच पाळी खेळा. उतरण्याआधी दहा-बारा मिनिटं अंग गरम करा आणि त्यात चौकोनातून पाच-सहा वेळा उठा. बाकावर बसून पाय गार पडू देऊ नका, मध्ये मध्ये उठून टाचा उचलत राहा. तिशी ओलांडलेल्यांनी आणि पोटरी एकदा गेलेल्यांनी हे काटेकोरपणे करावं, कारण याच दोन गटांत ती परत जाते. पायरीवरचा व्यायाम हंगाम संपेपर्यंत आठवड्यातून दोनदा चालू ठेवा.

सामना झाला की घरी जा, जेवा, झोपा. वही उशाशी ठेवा. सकाळी उतरताना आधी दुखरा पाय टेका, आकडा लिहा, आणि दुसऱ्या सामन्यात किती पाळ्या खेळायच्या ते मग सरांना सांगा.